मागच्या रांगेतलं हसू

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

‘खानापूर तालुक्यातल्या एका गावी आमचं मराठी वाचनालय आहे, त्याचा मी सचिव. वय २९. मागच्या महिन्यात मंडळाची नऊ पोरं बेळगावला मल्टिप्लेक्सात हिंदी सिनेमा बघायला गेलो. त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे हे आत बसल्यावर कळलं. ते दोघे जवळ आले तशा मागनं शिट्ट्या सुरू झाल्या, कोणीतरी “ए, आवर की रे” म्हणून ओरडलं आणि सगळं थेटर हसलं. एक बाई पोरांना घेऊन बाहेर गेल्या. आम्हीही हसलो, मीसुद्धा. आमच्यातला एक जण मात्र इंटरव्हलला “पोटात दुखायलंय” म्हणून उठला आणि एकटाच बसनं गावी गेला. तेव्हापासून त्याचं वाचनालयात येणं कमी झालंय. मला थोडा अंदाज आहे. विचारू का? दुसरं असं की आम्हाला “साबर बोंडं” हा याच विषयावरचा मराठी सिनेमा वाचनालयाच्या हॉलात दाखवायचा आहे. अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर. ते म्हणतात, “आपल्या गावात हे चालायचं नाही, हसं होईल.” बचत गटाच्या बायका मात्र येतो म्हणतात. लोक हसतात का, आणि हसू नयेत म्हणून काय करावं?’

नमस्कार.

तीन गोष्टींपैकी त्या मुलाची आधी घेतो. सिनेमा महिना-दोन महिने पुढे ढकलता येईल, ही ढकलता येणार नाही.

त्याला विचारू नका. एकटं गाठून नको, मायेनं नको, ‘मला काही वाटणार नाही, सांग’ अशा शब्दांत तर मुळीच नको. मधेच उठून गेला यावरून काही सिद्ध होत नाही. खरंच पोट दुखलं असेल, शिट्ट्यांनी डोकं उठलं असेल, घरातल्या दुसऱ्याच कोणाबद्दल त्याला काही ठाऊक असेल. आणि तुमचा अंदाज बरोबर निघाला तरी तुमच्या प्रश्नानं त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: तोंडावर खोटं बोलायचं, नाहीतर मनाची तयारी नसताना सांगून टाकायचं. पाच-सातशे उंबऱ्यांच्या गावात एकदा तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही. कुठल्याही वाटेनं गेला तरी तो वाचनालयाची पायरी चढायचं सोडेल.

त्यानं तुमचं हसू ऐकलंय, ते मात्र निस्तरायला हवं. त्यासाठी त्याचा विषय काढायची गरज नाही. चार-पाच जण कट्ट्यावर बसलेले असताना बोलण्याच्या ओघात एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी आपण उगीच दात काढले, सिनेमा बरा होता.’ एकदाच म्हणा. म्हणताना त्याच्याकडे बघू नका, आणि गाडीवर दोघेच असताना तर म्हणूच नका. तिथं त्या वाक्याचा प्रश्न होतो. कोणी ‘तुला काय रे एवढा पुळका?’ म्हणालं तर ‘तिकिटाचे पैसे दिले होते, एक अक्षर ऐकू आलं नाही’ इतकं उत्तर पुरे.

पुढचं काम लांबचं आहे. क्रिकेटात कॅच सुटला की ‘छक्क्या’ म्हणून होणारी हाकाटी, ग्रुपवर फिरणारे दोन पुरुषांवरचे विनोद, नाजूक बोलणाऱ्या पोराला लाडानं म्हटलेलं ‘बायल्या’, यातल्या कशालाही हसून दाद द्यायची नाही. भाषण ठोकू नका, त्यानं उलट विषय वाढतो. नुसती दाद काढून घ्या. त्या मुलाकडे वाचनालयाचं जे काम आधी होतं, पुस्तकांची नोंद म्हणा, वर्गणीचा हिशोब म्हणा, ते त्याच्याकडेच ठेवा. या सिनेमाच्या कार्यक्रमाचं काम देऊ नका. आला तर आला. नाही आला तर का नाही आलास हे विचारायचं नाही. आणि हा कार्यक्रम ‘त्याच्यासाठी’ करतोय असं मनात असेल तर ते आजच काढून टाका. तशा कार्यक्रमात तुमची नजर पडद्यापेक्षा त्याच्यावर जास्त राहील, आणि ते त्याला कळेल.

उद्या त्यानं आपण होऊन सांगितलं, तर ‘मला आधीच अंदाज होता’ हे वाक्य गिळा. ‘बरं झालं सांगितलंस. आणखी कोणाला माहीत आहे?’ असं विचारा, म्हणजे कोणासमोर गप्प राहायचं ते तुम्हाला कळेल. बायकोला, आईला, सरांना, कोणालाही सांगायचं नाही. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर तो आतून घाबरलेला असणार. जगण्याचा कंटाळा आलाय असं काही बोलला तर थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ थांबा आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावून द्या. हा फुकट आहे, चोवीस तास चालतो, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

आता हसण्याकडे वळू. थेटरातलं सगळं हसू एका जातीचं नसतं, आणि जात ओळखली नाही तर भलत्या हसण्याचा बंदोबस्त करण्यात संध्याकाळ जाते.

सगळ्यात जास्त असतं ते अवघडल्याचं हसू. नीट लक्ष दिलंत तर ते प्रसंगाच्या आधी येतं. पडद्यावरचे दोघे जवळ येतात, बोलणं थांबतं, अजून काहीच घडलेलं नसतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेत कोणाचं तरी नाकातून हसू फुटतं. तेव्हा हसणारा पडद्याकडे बघत नसतो, शेजारच्याकडे बघत असतो. याला कळलं का? मला कळलं, हे याला कळलं का? शेजारी काका, वहिनी नाहीतर हेडमास्तर बसलेले असले की हे हमखास होतं. हीच माणसं घरी टीव्हीवर नायक-नायिका जवळ आली तरी पाणी प्यायला उठतात. तुमच्या पत्रातल्या, पोरांना घेऊन बाहेर गेलेल्या बाईंना लगेच विरोधकांत मोजू नका. त्या कदाचित कुठल्याही चुंबनाला उठल्या असत्या. हे हसू आपोआप विरतं. दुसऱ्या जवळिकीच्या प्रसंगाला ते पहिल्यापेक्षा कमी येतं, कारण एव्हाना शेजारच्याला कळलंय हे सगळ्यांना कळलेलं असतं.

दुसरं हसू सिनेमानंच शिकवलेलं. दोन पुरुष एका पांघरुणात दिसले की हसायचं, हा पाठ हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं गिरवून घेतला. २००३च्या ‘कल हो ना हो’मध्ये घरकाम करणारी कांताबेन दोन्ही नायकांना एकत्र बघून दरवेळी हादरते, आणि विनोद तेवढाच आहे. २००८च्या ‘दोस्ताना’त दोघे पुरुष घर भाड्यानं मिळावं म्हणून जोडपं असल्याचं सोंग करतात. त्या प्रसंगांना पार्श्वसंगीतच हसा म्हणून सांगायचं. आज तिशीत असलेला प्रेक्षक त्यावर वाढलाय. त्याच्यासमोर संगीताचा इशारा नसलेला, शांतपणे चाललेला प्रसंग आला की जुनी सवय आधी उठते, डोकं मागनं येतं.

तिसरं हसू दाखवण्याचं. ते मोठं असतं, मागच्या अंधारातून येतं आणि त्याला शब्द चिकटलेले असतात. ‘आवर की रे’ हे याच जातीचं. ते पडद्याला उद्देशून नसतंच, सोबतच्या दोस्तांना उद्देशून असतं: बघा, मी त्यातला नाही. म्हणून ते एकट्या माणसाला फारसं येत नाही, पाच-सहा जणांच्या टोळक्याला येतं. पहिल्या ओरडण्याला हशा मिळाला की दुसरं ओरडणं येतं, नाही मिळाला की बहुतेक वेळा तिथंच संपतं. तुम्ही नऊ जण हसलात तेव्हा त्या ओरडणाऱ्याचं काम तुम्ही केलंत. याला दोष देणं म्हणू नका, यंत्र असं चालतं.

मग प्रेक्षक बदललाय का? बराच. १९९८च्या डिसेंबरात दोन बायकांच्या प्रेमावरचा ‘फायर’ चालू असलेल्या मुंबई-दिल्लीच्या थेटरांत तोडफोड झाली, सिनेमा परत सेन्सॉर बोर्डाकडे गेला आणि १९९९मध्ये एकही कट न लागता परत आला. २०२०च्या फेब्रुवारीत ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ आला तो सहकुटुंब बघायची कॉमेडी म्हणून, दोन पुरुषांच्या प्रेमाला विरोध करणाऱ्या बापालाच हास्यास्पद करून. २०२२च्या ‘बधाई दो’त पोलीस नायक आणि शिक्षिका नायिका घरच्यांचा ससेमिरा चुकवायला एकमेकांशी लग्न करतात, त्याचं प्रेम पुरुषावर, तिचं बाईवर. २०२३मध्ये तर मामूटीसारखा मोठा नट ‘कादल’ या मल्याळम सिनेमात पुरुषावर प्रेम असलेल्या नवऱ्याच्या भूमिकेत उभा राहिला, जिथं निवडणुकीच्या तोंडावर बायको घटस्फोट मागते. काचा फोडण्यापासून शिट्टी मारण्यापर्यंत आलोय. शिट्टी वाईटच, पण तिकीट काढून आत बसलेला माणूस शिट्टी मारतोय हेही बघा.

मराठीत हा विषय त्याहून जुना आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१चं, आणि जब्बार पटेलांच्या १९८२च्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन बायकांचं प्रकरण येतं. तुमच्या सरांनी ‘उंबरठा’ बहुधा थेटरात पाहिला असेल. ‘हे सगळं नवीन, शहरातलं’ असं ते म्हणाले तर तो प्रसंग आठवतो का म्हणून विचारा.

आपल्या भागात एक गुंता जास्तीचा आहे. सौंदत्ती जवळ. यल्लम्माच्या डोंगरावर साडी नेसलेले जोगते लहानपणापासून पाहिलेले, परडी घेऊन दारी आलेले. त्यामुळं ‘दोन पुरुषांचं प्रेम’ म्हटलं की हॉलातला पहिला प्रश्न येणार, ‘म्हणजे जोगता व्हय?’ उत्तर तयार ठेवा: नाही. जोगत्याची गोष्ट देवीला सोडण्याची, साडी नेसण्याची, कधी स्वतःला बाई मानण्याची. या सिनेमातले दोघे स्वतःला पुरुषच मानतात, कामधंदा करतात, शर्ट-पँट घालतात, त्यांचा जीव पुरुषावर जडलाय एवढंच. हे दोन मिनिटांत सांगितलं नाही तर प्रेक्षक अर्धा सिनेमा कोण साडी नेसतोय याची वाट बघत बसतो. याच कारणानं पुरुषानं बाईचा वेश घेतलेले विनोदी सिनेमे आवडणारा माणूस या विषयाला खुला असेल असं धरून चालू नका. ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि बालगंधर्वांना डोक्यावर घेणारे पणजोबा असणं, हीसुद्धा.

सिनेमाची निवड चांगली आहे. ‘साबर बोंडं’ रोहन परशुराम कानवडे यांचा. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या गटातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. पण गावात बक्षिसाचा बडेजाव करू नका, त्यानं लोक ‘आर्ट पिच्चर’ म्हणून बिचकतात. तुमच्या हॉलासाठी त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. मुंबईला कॉल सेंटरात काम करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तिथं त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. सुतकाचे नियम, भावकीची बोलणी, ‘आता लग्नाचं काय?’ म्हणून मागं लागलेली माणसं, हे तुमच्या प्रत्येक प्रेक्षकानं स्वतःच्या घरात सोसलंय. माणसं त्या दारानं आत शिरतील. अडचण एकच: सिनेमा संथ आहे, एकेक दृश्य लांब चालतं. संथ सिनेमात शांतता जास्त, आणि अवघडलेलं हसू शांततेतच फुटतं. म्हणून बाकीची तयारी चोख हवी.

सगळ्यात आधी परवानगी. निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करा. गाव, तारीख, खुर्च्या किती, तिकीट आहे की फुकट, एकच खेळ, एवढं लिहा. फी किती ते आधीच विचारून घ्या. घरच्या ओटीटी वर्गणीवर हॉलात दाखवणं त्या वर्गणीत बसत नाही. आणि नियमाचं सोडा, ऐन वेळी ते फसतंही. जुन्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला की ओटीटीचं कॉपी-संरक्षण बऱ्याचदा चित्र काळं करतं, आवाज तेवढा चालू राहतो. काळ्या पडद्यावर दोन पुरुषांचे श्वास ऐकू आले तर सरांचं भाकीत पाच मिनिटांत खरं होईल. कर्नाटकात सिनेमाच्या सार्वजनिक खेळांना १९६४चा चित्रपटगृह नियंत्रण कायदा आहे, तेव्हा तिकीट लावू नका, खेळ सभासद आणि निमंत्रितांपुरता ठेवा, आणि तरीही तालुक्याला विचारून पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा. सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा: ‘ए’ असेल तर अठराच्या आतलं कोणी आत नको, मग ते वाचनालय असो की थेटर. ‘यूए’चे आता ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग आहेत. जे असेल ते निमंत्रणावर छापा.

बॅनर लावू नका. एक तर तो रस्त्यानं जाणाऱ्या टोळक्याला बोलावणं होतो. दुसरं, आपल्याकडे बॅनर कुठल्या भाषेत, कुठली भाषा वर, यावरनं वेगळंच रामायण सुरू होतं, आणि तुमचा सिनेमा बाजूला राहतो. तारखेचंही तसंच. १ नोव्हेंबरचा, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाचा आठवडा आणि १७ जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन टाळा. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांचे रविवार टाळा. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात विजेचा भरवसा नाही आणि पत्र्यावर पाऊस लागला की संवाद गेला. मळणी उरकल्यावरचा एखादा रविवार बघा, दुपारी ३ वाजता. रात्रीचा खेळ नको. रात्री ‘बसून’ आलेले येतात, आणि बायकांना स्वयंपाक सोडून येता येत नाही. खिडक्यांना काळं कापड ठोकलं की दुपारी अंधार होतो.

खुर्च्या चाळीस, त्याहून जास्त नकोत. दीडशे माणसांत ओरडणारा कोण ते कळत नाही, म्हणून तो ओरडतो. चाळिसांत आवाज ओळखतात. सरळ रांगा न लावता अर्धगोलात तीन-चार ओळी करा, शेवटच्या ओळीमागं भिंत येऊ द्या आणि दारावरचा एक मंद दिवा चालू ठेवा. मागच्या ओळीत बचत गटातल्या चार वयस्क बायका बसवा. शिट्टी मारायला उत्सुक असलेला पोरगा मावशीच्या पुढ्यात बसून मारत नाही. स्वयंसेवक, टॉर्च, दंडाला फीत, असलं काही नको. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला अशी विभागणी मात्र करू नका. तशी केली की अर्धं हसू समोरच्या गटाला ऐकवण्यासाठी येतं.

आवाजावर खर्च करा, पडद्यावर नव्हे. एकच मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मोकळ्या भिंतींचा हॉल घुमतो, मागच्या भिंतीवर दोन-तीन सतरंज्या टांगल्या की फरक पडतो. संवाद कळेनासे झाले की लोक आपसात बोलायला लागतात, आणि बोलणारा प्रेक्षक हसायला मोकळा असतो. आठवडाभर आधी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि स्पीकर दोन्ही चालतात का तेही बघा. जवळिकीच्या प्रसंगातच वीज गेली तर पुढचा अर्धा तास नुसत्या कोट्या.

इंटरव्हल देऊ नका. दोन तासांच्या आतला सिनेमा आहे, माणसं बसतात. इंटरव्हलमध्ये पानटपरीवर कोणीतरी पहिली टिप्पणी करतो आणि सगळे तीच घेऊन आत येतात. चहा शेवटी ठेवा, त्यानं चर्चेलाही लोक थांबतात.

सुरुवातीला कोणीतरी दोन मिनिटं बोलावं. शक्यतो बाईनं. ‘विषय नाजूक आहे, कृपया हसू नका’ हे म्हणायचं नाही. हसू नका म्हटलं की हसू येतंच. काय म्हणायचं, तर साधारण असं: ‘वडील गेल्यावर दहा दिवस गावी आलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. त्याचं एका मित्रावर प्रेम आहे, मित्राचं त्याच्यावर. एक-दोन ठिकाणी ते जवळ येताना दिसतात. ज्यांना बघायचं नाही त्यांनी आत्ता उठलं तरी कोणी काही म्हणणार नाही, चहाला परत या. मोबाईलवर पडद्याचं किंवा माणसांचं शूटिंग करू नका.’ मल्टिप्लेक्सातला निम्मा आरडाओरडा हा फसवणूक झाल्याचा होता, तुम्हालाच आत गेल्यावर कळलं ना? आधी सांगितलं की तो निम्मा जातो. शूटिंगची सूचना विसरू नका. हसणाऱ्याचा किंवा रडणाऱ्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ संध्याकाळी चार गावांत पोचलेला असतो.

खेळ चालू असताना अवघडलेलं हसू आलं तर काही करू नका, मागं वळून बघूसुद्धा नका. दाखवण्याचं हसू सुरू झालं तर तुमच्यापैकी एकानं उठून त्या टोळक्याशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचं. बोलायचं नाही, फक्त बसायचं. दिवे लावून सिनेमा थांबवला तर ओरडणारा नायक होतो. थांबवायचं एकाच वेळी: हॉलातल्या कोणाचं नाव घेऊन कोणी बोललं, तर. तेव्हा दिवे लावा, त्या माणसाला बाहेर काढा आणि पुढं चालू करा. ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे कोणी वळून बघणार नाही याची काळजी घ्या, त्याची समजूतही सर्वांसमोर घालू नका.

नंतरची चर्चा वीस-पंचवीस मिनिटं. ‘तुम्हाला हे पटतं का?’ हा पहिला प्रश्न टाकलात तर खेळ संपला, माणसं शेजाऱ्यापुढं भूमिका घ्यायला लागतात. सिनेमातल्या माणसांबद्दल विचारा. आईला कधी कळलं असेल? आनंदनं परत जाताना काय ठरवलं? असे. हात वर करायला लावू नका. चिठ्ठ्या टाकायची कल्पना येईल, पण गावात अक्षर ओळखतात. चिठ्ठ्या घ्यायच्याच तर बाहेरगावच्या कोणाला तरी वाचायला बसवा आणि वाचून झाल्या की तिथंच फाडा.

काही प्रश्न ठरलेले आहेत. गुन्हा आहे का? नाही, ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून काढले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी कायद्यात, ज्या ३७७ कलमानं तो गुन्हा ठरायचा ते कलम नाहीच. लग्न होतं का? कायद्यानं नाही, १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात कोर्टानं ती मान्यता दिली नाही. आजार आहे का, औषध मिळतं का? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०मध्येच आजारांच्या यादीतून काढलंय, आणि ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते वर्तन गैर असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये कळवलंय. देवऋषी आयोगाला जुमानत नाही, हा भाग निराळा.

पण खरा प्रश्न बचत गटाकडून येईल: ‘मग त्याच्याशी लग्न लावलेल्या पोरीचं काय?’ हा टोमणा समजू नका आणि घाईनं उत्तर देऊ नका. हॉलातल्या एखादीनं असं लग्न जवळून बघितलेलं असतं. तिला बोलू द्या. पोराला ‘लग्न केलं की सुधारतो’ म्हणून बोहल्यावर चढवणाऱ्या घरात दोन माणसांचं आयुष्य जातं, आणि त्यातल्या एकीला तर कशात ढकलतायत हेही सांगितलेलं नसतं. पुरुषांनी या वेळी गप्प बसलेलं बरं. चर्चा इथंच संपली तरी चालेल.

राहिले सर. त्यांच्या पाठीमागं काही करू नका. ‘हसं होईल’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा विषयाला भीत नाही, संस्थेच्या नावाला भितो, आणि ती भीती रास्त आहे. आधी त्यांना सिनेमा दाखवा: त्यांच्या किंवा तुमच्या घरी, कार्यकारिणीतले चार जण सोबत घेऊन. मग वरची सगळी व्यवस्था कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवा, खुर्च्यांच्या संख्येसकट. हेडमास्तरला व्यवस्था कळते. शिक्षक म्हणून त्यांना एक गोष्ट जरूर सांगा: अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक, कवी रामचंद्र सिरस यांना पुरुषाशी असलेल्या संबंधांवरून २०१०मध्ये निलंबित केलं गेलं, एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबन रोखलं, आणि त्याच महिन्यात ते घरी मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरचा ‘अलीगढ’ २०१६मध्ये आला. मराठीच्या मास्तरची गोष्ट आहे म्हटल्यावर सर कदाचित तोच आधी बघायला मागतील. मागितला तर द्या, क्रम कुठलाही चालेल.

तरीही नाही म्हणाले, तर हॉलाचा विषय या वर्षी सोडा. एखाद्याच्या घरी सहा जणांनी बसून सिनेमा बघायला ना अध्यक्षांची सही लागते, ना वितरकाचं पत्र. बचत गटातल्या दोघींना त्या सहांत घ्या. आणि सर हो म्हणाले तर वितरकाचा ईमेल त्याच रात्री टाका, तारीख मागून ठरवा. उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने.